बहिष्कार टाकला की मुलं सुटतात का?

बालमजुरीबद्दल कुठेही बोलले की एक प्रश्न हमखास येतो: 'मुलांकडून करून घेतलेला माल आपण घेणंच बंद केलं तर?' प्रश्न मनापासूनचा असतो, त्यामुळे 'नाही' म्हणताना मलाच ओशाळल्यासारखं होतं. तरी तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

बांगलादेशात हे होऊन गेलंय. 1992 साली अमेरिकेचे सिनेटर टॉम हार्किन यांनी असा माल आयात करायला बंदी घालणारं विधेयक मांडलं. त्याचा कायदा झालाच नाही. पण नुसत्या धास्तीने तिथल्या कपड्यांच्या कारखान्यांनी हजारो मुलांना कामावरून काढलं. युनिसेफने नंतर शोध घेतला, तर त्यांतली कितीतरी खडी फोडताना आणि रस्त्यावर पोटापाण्याचं काहीबाही करताना सापडली. काही मुली वेश्याव्यवसायात गेल्या होत्या. मग 1995 मध्ये कारखानदार, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा करार झाला: मुलांना शाळेत घालायचं, घरी दरमहा भत्ता द्यायचा, आणि जमेल तिथे त्याच घरातल्या मोठ्या माणसाला काम द्यायचं. हे आधी सुचायला हवं होतं.

शिवाय बहुतेक मुलं कारखान्यात नसतातच. 2024 च्या जागतिक अंदाजानुसार 13.8 कोटी मुलं मजुरीत होती, त्यांतली 61 टक्के शेतीत. तीही बहुधा घरच्याच. पाहणीला गेल्यावर मी 'काम करतेस का?' असं विचारायची, तर उत्तर 'नाही'. मग 'काल उठल्यापासून काय काय केलंस?' असं विचारायला शिकले. पाणी भरलं, धाकट्याला सांभाळलं, तण काढलं, पुन्हा पाणी भरलं. बोटांवर मोजताना त्या मुलीला दुसरा हात लागला.

गरिबी हे कारण खरंच, पण घर कोलमडतं ते एखाद्या वाईट महिन्यात. पीक जातं, बाप अंथरूण धरतो, मुकादमाकडून उचल घेतली जाते, आणि ती फेडायला मुलाचे हात लागतात. त्यात शाळेत मास्तरच येत नसतील, तर आईबापांचा हिशोब चुकीचा तरी कसा म्हणायचा? मेक्सिकोने 1997 पासून मुलांच्या हजेरीवर आईच्या हातात पैसे द्यायला सुरुवात केली. ब्राझीलने त्याच सुमारास पैशांबरोबर शाळा सुटल्यानंतरचे वर्गही जोडले, कारण अर्धा दिवस शाळा आणि उरलेला अर्धा शेतात, हे सहज जमतं.

तेव्हा कंपनीला जाब विचारायचाच असेल, तर 'तुमच्याकडे मुलं आहेत का?' एवढ्यावर थांबू नका. 'सापडलं, की लगेच काढून टाकतो,' असं उत्तर आलं, तर ते मूल गेलं कुठे, तेही विचारा.