तुम्ही विचारलंत म्हणून: पित्ताचं डोकं की अर्धशिशी?

"उलटी झाली की डोकं उतरतं, म्हणजे पित्तच ना?" ठाण्यात हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक वेळा ते पित्त नसतं, अर्धशिशी असते, म्हणजेच मायग्रेन. त्यात पोटाचं काम मंदावतं आणि मळमळतं; उलटी हे दुखण्याचं कारण नसून त्याचाच भाग. काहींचं दुखणं उलटीनंतर ओसरतं, म्हणून आळ पित्तावर येतो आणि माणूस वर्षानुवर्षं अँटासिड पीत राहतो.

ओळखायचं कसं? डोकं ठणकतं, पुष्कळदा एकाच बाजूने. स्टेशनचा पूल चढताना पायरीगणिक ठोका पडतो. उजेड, हॉर्न, फोडणीचा वास नकोसा होतो. औषध न घेतल्यास हे 4 ते 72 तास चालतं. काहींना आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसते. ताणाच्या डोकेदुखीत फडकं आवळल्यासारखं दोन्हीकडे दुखतं, पण माणूस कुरकुरत का होईना, काम करतो.

संकष्टीला डोकं धरतं ते चंद्रोदयापर्यंत रिकाम्या पोटी राहिल्यामुळे. दुपारी खिचडी आणि भरपूर पाणी घेतलंत तर उपास मोडत नाही. रविवारी दहापर्यंत लोळलात की झोपेची वेळ हलते, शिवाय सकाळचा चहाही चुकतो. डोक्याला दोन्ही चालत नाही.

गोळी घ्यायची तर दुखणं सुरू होतानाच. ऐरोलीहून घरी पोचेपर्यंत कळ काढलीत तर मंदावलेल्या पोटात ती नुसती पडून राहते. निरोगी प्रौढाला पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम बऱ्याचदा पुरत नाही, 1000 लागतं. यकृताचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आयबुप्रोफेन 400 खाऊन घ्यावं, पण अल्सर, किडनीविकार किंवा गरोदरपणात नाही. मळमळ फार असेल तर सोबत उलटी थांबवणारी गोळी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

खरी गोम पुढे आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोकं दुखलं त्या दिवशी टिंब आणि गोळी घेतली की रेघ, एवढं तीन महिने करा. साध्या गोळीच्या रेघा महिन्यात 15 दिवस, किंवा कॅफीन मिसळलेल्या गोळ्यांच्या वा ट्रिप्टानच्या (मायग्रेनवरच्या खास गोळ्यांच्या) 10 दिवस भरल्या, तर आता गोळीच डोकं दुखवत असण्याची शक्यता मोठी. ती बंद केल्यावर सुरुवातीचे काही दिवस, कधी आठवडाभरही, दुखणं वाढतं. तिथेच बहुतेक जण हार मानतात, म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा. झटके टाळायला प्रोप्रॅनोलॉल (दमा असेल तर नको) किंवा अमिट्रिप्टिलिन देतात. त्यांचा गुण यायला 8 ते 12 आठवडे लागतात. पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नका.

दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमक दिसत असेल तर बाईने इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, पक्षाघाताचा धोका वाढतो. क्षणात शिगेला पोचलेलं दुखणं, तापाबरोबर मान आखडणं, बोलणं अडखळणं, हातपाय लुळा पडणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच कॅज्युअल्टी गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही त्याच आठवड्यात दाखवा.