फॉर्ममधला तो एक रकाना

पहाटे साडेतीनला दार वाजलं आणि मला कळलं, घोड्याचं काहीतरी आहे. माणसाचं असेल तर मामा फोन करतात. घोड्याचं असलं की स्वतः येतात.

"ताई, भैरू लोळतोय. दोनदा उठवला, परत पडला. रात्रीपासून लीद न्हाई."

आषाढातली रात्र. मुळशीकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. वीज संध्याकाळीच गेली होती. बॅटरी घेऊन आम्ही पागेकडे धावलो.

आमची पागा म्हणजे दुसऱ्यांचे घोडे सांभाळायची जागा. त्या वेळी बावीस घोडे होते आणि त्यांची देखभाल करणारे सात सईस. मालक बहुतेक पुण्यातले. कोणी रोज पहाटे रपेटीला येतं, कोणी शनिवार-रविवार, कोणी महिन्यातून एकदा. घोड्यांमध्ये निम्मे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड. शर्यतीचा घोडा सहा-सात वर्षांचा झाला की बहुधा त्याची धाव संपते, पण आयुष्य पंचवीस वर्षांपर्यंत सहज जातं. मधली पंधरा-वीस वर्षं त्याने कुठे काढायची, हा प्रश्न तिकिटं फाडून घरी जाणाऱ्या कोणालाच पडत नाही. आमच्याकडे येतात ते नशीबवान. बाकीचे मारवाडी, काठेवाडी, आणि एक सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेला अबलख.

भैरू तेवीस वर्षांचा. सातव्या वर्षी शर्यत सुटली तेव्हा सरांनी त्याला घेतलं. सर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. कोथरूडला एकटे राहतात. पाच वर्षांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं घोड्यावर बसणं संपलं, तरी एक रविवार चुकवला नाही. पिशवीत गाजरं घेऊन यायचे, स्वतः खरारा करायचे, आणि मग ठाणासमोर, म्हणजे भैरूच्या खोलीसमोर, खुर्ची टाकून पेपर वाचायचे. भैरू त्यांच्या खांद्यावरून मान काढून उभा. त्या दोघांना तसं बघायची आम्हाला सगळ्यांनाच सवय झाली होती.

आणि मामा. मूळचे बीडकडचे. वीस वर्षं रेसकोर्सवर सईस होते. पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबई, घोड्यांबरोबरच त्यांचं बिऱ्हाड हलायचं. आमच्याकडे आले तेव्हापासून भैरूचं ठाण त्यांच्याकडे. पहाटे पाचला चंदी, मग खुरं साफ करणं, मग लसूणघास. सर आठवड्यातून तीन तास यायचे. उरलेल्या सगळ्या वेळेचा भैरू मामांचा होता.

मी नाडी पाहिली. धडधाकट घोड्याची नाडी मिनिटाला अठ्ठावीस ते चव्वेचाळीस असते. भैरूची बाहत्तर होती. हिरड्या गुलाबी असायला हव्यात, त्या विटकरी झाल्या होत्या. अंगठ्याने दाबून सोडलं तर दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा, चार लागले. पोटाला दोन्ही बाजूंनी स्टेथोस्कोप लावला. निरोगी घोड्याचं पोट सतत बोलत असतं, गुडगुडत असतं. इथे काहीच नाही. त्या शांततेने माझे हात गार पडले.

घोड्याचा पोटशूळ माणसाच्या पोटदुखीसारखा नसतो. घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका पोटात उतरते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं वर येऊ शकत नाही. पुढे आतडं अडलं की पोट फुगत जातं. साध्या पोटशुळात इंजेक्शन देऊन, फिरवून, तासा-दोन तासांत लीद पडते आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. अशा किमान तीस रात्री मी काढल्या आहेत. पण ही तशी रात्र नव्हती, आणि मामांना ते माझ्या आधी कळलं होतं. त्यांनी भैरूची म्होरकी धरली होती, कपाळावरून हात फिरवत होते आणि एक शब्द बोलत नव्हते.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलेलं दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं. सरांना फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. शेवटी चिमणीच्या मालकिणीला उठवलं. चिमणी ही भैरूच्या शेजारच्या ठाणातली काठेवाडी घोडी, तलवारीसारखे आत वळलेले कान. तिची मालकीण पंचविशीतली मुलगी, वारज्यात राहते. "मी जाते सरांच्या घरी," एवढंच म्हणाली. त्या पावसात स्कूटर काढून ती निघाली.

डॉक्टर पावणेपाचला पोचले. रस्त्यावर झाड पडलं होतं, फिरून यावं लागलं. नाकपुडीतून नळी पोटात घातली तर करड्या-हिरव्या पाण्याचा लोंढाच बाहेर आला. बादली भरली, दुसरी लावली. कोपरापर्यंत हात घालून आतून तपासलं आणि हातमोजा काढताना माझ्याकडे पाहिलं. लहान आतडं फुगून सायकलच्या ट्यूबसारखं लागत होतं. पंधराच्या पुढच्या घोड्यांमध्ये पोटाच्या आत चरबीच्या गाठी होतात, देठाला लोंबणाऱ्या. एखाद्या वेळी तो देठच आतड्याला फास घालतो. तसंच काहीसं झालेलं दिसत होतं. नाडी अठ्ठ्याऐंशी. भैरू आता लोळतही नव्हता. मान खाली टाकून, घामाने निथळत उभा होता.

"निर्णय घ्यावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "मालक?"

मालकांचा पत्ता नव्हता. रस्ता फिरून यायचा म्हटल्यावर ती मुलगीसुद्धा अजून वाटेतच असणार.

मी ऑफिसात जाऊन भैरूची फाइल काढली. घोडा ठेवताना आम्ही एक फॉर्म भरून घेतो. लसी, खाणं, नालबंदी किती आठवड्यांनी, आणि शेवटून दुसरा रकाना: "मालकाशी संपर्क न झाल्यास निर्णय कोणी घ्यावा?" बहुतेक जण तिथे "डॉक्टर" किंवा "मॅनेजर" लिहितात. सरांनी त्यांच्या त्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं होतं, "मामा सांगतील तसं."

हे मी वाचलेलं होतं. फॉर्म आला त्या दिवशीच. वाचून फाइलला लावला आणि मामांना कधी सांगितलंच नाही. एवढा मोठा भार आपल्या नावावर टाकलेला आहे, हे त्या माणसाला सोळा वर्षांत कळू दिलं नाही, ही चूक माझी. ती आजही मला टोचते.

बॅटरीच्या उजेडात मामांनी तो कागद वाचला. दोनदा वाचला. मग घडी घालून माझ्याकडे परत दिला.

"डाक्टर, आपरेशन?"

"तोच एक उपाय आहे, मामा. पण त्यासाठी ट्रकमध्ये दोन तास उभा राहायला हवा. या नाडीवर तो घाटसुद्धा चढणार नाही. आणि वय तेवीस."

"सुई किती वेळ टिकंल?"

"अर्धा तास. तोही धड नाही."

मी म्हणाले, "मामा, सर निघाले असतील तर तासाभरात पोचतील." खरं सांगायचं तर निर्णय पुढे ढकलायला मला काहीतरी हवं होतं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "सरांना तोंड बघायला मिळावं म्हून ह्याला तासभर जाळत ठेवायचं? न्हाई ताई. पाय चालतेत तोवर भाईर काढू."

ते बाहेर काढणं लोकांना ठाऊक नसतं. साडेचारशे किलोचं शरीर बारा बाय बाराच्या ठाणात पडलं की ते दारातून काढताना जी ओढाताण होते, ती कोणाच्याही घोड्याच्या वाट्याला येऊ नये. म्हणून त्याला चालत न्यायचं असतं. फाटकाजवळ मुरुमाची मोकळी जागा आहे, जेसीबी येऊ शकेल अशी. तिथवर साठ पावलं. भैरू चालला. मामांच्या खांद्याला नाक लावून, थांबत थांबत चालला. चिमणी मागून खिंकाळली, आणि त्या अवस्थेतही त्याने कान मागे वळवले.

बाकीचे सहा सईस उठून आले होते. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. दोघांनी डोक्यावर ताडपत्री धरली. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. डॉक्टरांनी मामांना लांब दोर धरून बाजूला उभं राहायला सांगितलं, कारण घोडा कुठल्या अंगाला पडेल सांगता येत नाही. पाच वाजून चाळीस मिनिटांनी भैरू गुडघ्यांवर आला आणि मग आडवा झाला. डॉक्टरांनी डोळ्याला बोट लावलं, छाती ऐकली, मान हलवली. मामांनी दोर सोडला नव्हता. तो त्यांच्या मुठीतून मी सोडवला.

सर आले तेव्हा उजाडलं होतं. स्कूटरवर मागे बसून, पायजम्यावर रेनकोट घालून. मुलीने वाटेत त्यांना एवढंच सांगितलं होतं की भैरू आजारी आहे. फाटकातून आत आल्याबरोबर त्यांना ताडपत्री दिसली.

मी पुढे झाले, पण मामा माझ्या आधी त्यांच्यासमोर उभे राहिले. "सर, म्या सांगितलं. डाक्टरांनी न्हाई, ताईंनी न्हाई."

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. ओल्या मुरुमात खाली बसले, खुब्याला ते झेपत नाही तरी बसले. भैरूच्या कानामागे, जिथे त्याला आवडायचं तिथे, बोटं फिरवत राहिले.

"किती वेळ त्रास होता?"

"दोन तासांच्या वर. तुमची वाट बघितली असती तर तीन झालं असतं."

"बरोबर आहे," सर म्हणाले. गणिताचं उत्तर तपासल्यासारखे. आणि मग मामांचा हात धरून रडले.

चिमणीला मी मुद्दाम आणलं. शेजारचा घोडा एकाएकी नाहीसा झाला तर मागे राहिलेला दिवसेंदिवस हाका मारत राहतो, खाणं सोडतो. वास घेऊ दिला की त्याला कळतं, असा माझा अनुभव आहे. तिने नाकपुड्या फुगवून भैरूचं तोंड हुंगलं, मान हुंगली, एकदा खुराने हलकेच ढोसलं. वीस मिनिटं उभी राहिली. मग वळून कडेचं गवत खायला लागली.

दहाला खालच्या वाडीतून जेसीबी आला. नऊ फूट खड्डा लागतो, विहिरीपासून लांब, चढावर. भुलीचं औषध शरीरात राहतं. कुत्र्यांनी उकरून खाल्लं तर तीही मरतात, म्हणून खोली कमी करून चालत नाही. खणता खणता खड्ड्यात पाणी भरायला लागलं, तेव्हा आमची लीद खतासाठी नेणारा नर्सरीवाला स्वतःचा पंप घेऊन आला. दुपारपर्यंत अकरा मालक जमले, त्यातले सात कामावर दांडी मारून. कोणी मिठाची पोती आणली, कोणी चुना, कोणी सईसांसाठी पोहे. नालबंद आला आणि त्याने चारी पायांचे नाल काढून सरांच्या हातात दिले. माती लोटण्याआधी मामांनी खिशातून भंडाऱ्याची पुडी काढली. घोडा खंडोबाचं वाहन. तेवढं त्यांच्या हातून व्हायलाच हवं होतं. पिवळा भंडारा पावसाने लगेच धुऊन गेला.

त्या आठवड्यात मी उरलेल्या एकवीस फॉर्मचे गठ्ठे काढले आणि एकेका मालकाला समोर बसवून तो रकाना पुन्हा विचारला. बारा जणांनी आपापल्या सईसाचं नाव लिहिलं. या वेळी प्रत्येक सईसाला तो कागद दाखवला, वाचून दाखवला, हो म्हणालास तरच ठेवते असं सांगितलं. एकाने नाही म्हटलं. त्याचं नाव खोडलं, आणि त्यात गैर काही नाही हेही त्याला सांगितलं.

पावसाळ्यात असा खड्डा खचतोच. तीन आठवड्यांनी हातभर खाली बसला, तेव्हा दोन ट्रॉली मुरूम मागवला. रविवार होता. सर आले होते, गाजरांची पिशवी चिमणीच्या ठाणाला अडकवून. मामा फावड्याने मुरूम ओढत होते. सरांना वाकता येत नाही, म्हणून ते काठीच्या टोकाने कडा नीट करत होते.

"डावीकडे कमी आहे, मामा."

"व्हय सर. टाकतो."