थोरली खालच्या दांडीवर

शुक्रवार. मृग तोंडावर आलाय.

सकाळी आमच्या कोंबड्यांतल्या काळीनं थोरलीला कणीवरून हुसकावलं आणि माझा दिवस नासला. घडलं ते एवढंच. पण दुपारी आडवी झाले तरी डोळा लागेना, तेव्हा म्हटलं लिहून तरी काढू.

खळ्यात कणी टाकली, ‘ती ती ती’ केलं. सगळ्या धावल्या. थोरली धावत नाही, तिची रीतच वेगळी. ती चालत येते, आणि ती येईपर्यंत मधली जागा तिच्यासाठी मोकळी राहिलेली असते. आजही चालतच आली. काळीनं मान वर केली, गळ्याभोवतीची पिसं फुलवली आणि थोरलीच्या तुऱ्याच्या बुडाशी एक टोच मारली. एकच. फार जोरात म्हणावी तर तसंही नाही. थोरलीनं मान खाली घातली, दोन पावलं मागं सरली आणि वृंदावनाच्या मागं जाऊन माती उकरायला लागली. जणू घरातून निघाली होती ती तिथंच जायला.

बाकीच्यांच्या चोची टकटकत राहिल्या. एकीनंही मान वर केली नाही.

ही काळी कालपरवाची तलंग. दिवाळीत पिल्लू होती आणि थोरलीच्याच पोटाखालून निघालेली. पण तिच्यावर राग धरावा असं काही मला आतून वाटत नाही. अंगात आलंय, अंडी घालायला लागलीय, तुरा लाल झालाय. या वयात कोण मागं राहील? मग राग पोलीसपाटलाचा का? हा आमचा कोंबडा. पहाटे चारला गाव उठवणार, आभाळात घार दिसली की बोंब मारणार, दिवसभर मान ताठ करून खळ्यातून गस्त घालणार. किडा सापडला की स्वतः खात नाही. चोचीत उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो आणि टुकटुक करून बोलावतो. आत्ताआत्तापर्यंत ते बोलावणं थोरलीला असायचं. आज दगडाखाली चांगली बोटभर गोम सापडली, ती त्यानं काळीपुढं टाकली. टोचाटोची चालली होती तेव्हा साहेब पंख झटकत उभे. बायकांच्या भांडणात पडायचं नाही, असं घरातल्या पुरुषांचंही... जाऊ दे.

नाही, राग त्याचाही नाही. मला सलतंय ते बाकीच्यांचं काहीच न वाटणं. इतकी वर्षं जिला बघून तुम्ही बाजूला सरत होता, ती मागं सरली आणि तुमचा एक दाणा चुकला नाही? निदान थबकावं तरी.

संध्याकाळी हे धाकटीला, माझ्या जावेला, सांगायला गेले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, ‘ताई, कोंबी ती. तिका काय कळता?’ आणि भाकरी उलटली.

थोरली खुडूक बसली ती चैत्र संपता संपता. मी मनीच्या बाळंतपणाला मुंबईला निघाले त्याच सुमाराला. आईंनी तिच्याखाली अंडी ठेवली, टोपलीत एक कोळशाचा तुकडा आणि एक लोखंडी खिळा टाकला, म्हणजे ढगांच्या गडगडाटानं अंडी बिघडत नाहीत. वळीव आला, गडगडलंही, आणि अंडी बिघडलीच. आईंचं म्हणणं, खिळा गंजका होता. मला वाटतं अंडी टोपलीत जायच्या आधीच गेली होती. या दिवसांत अंडी साठवून ठेवली की नुसत्या उकाड्यानं अर्धवट जागी होतात, आत जीव धरतो न धरतो तोच विझतो. कोंबडी थंडीत बसवावी हे मला आईंनीच शिकवलेलं. पण मी तिथं नव्हते, आणि नसलेल्या माणसानं बोलू नये.

एकवीस दिवस झाले, टोपलीत काही हललं नाही. कोंबडीला दिवस कुठे मोजता येतात? ती बसूनच राहिली. दिवसातून एकदा उठायचं, चार दाणे, घोटभर पाणी, सगळ्या घराला वास येईल अशी ती एक मोठी शीट, की परत टोपलीत. अंडी काढून घेतली तर रिकाम्या टोपलीवर बसली. शेवटी शेजारच्या काकींनी सांगितलं, ‘पाण्यात बुडव गो तिका, उठता बघ.’ धाकटीनं बुडवलीन. मग उठली.

मी आले त्या दिवशी तिला हातात घेतलं तर वजनच नाही. छातीचं हाड बोटाला लागलं. पोटाखालची पिसं तिनंच उपटून काढलेली, उघडी कातडी गरम लागत होती. आणि तुरा! थोरलीचा तुरा म्हणजे जास्वंदीसारखा, लांबून कळायचा. तो आकसला होता, फिकट पडला होता, वर पांढुरका कोंडा. खुडूक बसली की अंड्यांचं काम आतून बंद पडतं आणि त्याबरोबर तुराही उतरतो; अंड्यावर आली की परत भरतो. हे मला माहीत आहे. पण बाकीच्या कोंबड्यांना कोण सांगणार? त्या एकमेकींना ओळखतात ते तोंडावरून, तुऱ्यावरून. एवढे दिवस माजघराच्या कोपऱ्यात बसलेली, पडलेल्या तुऱ्याची ही बाई खळ्यात आली, तेव्हा त्यांच्या लेखी कुणी तिऱ्हाईतच आली.

मी काही फार वेगळी होऊन आले नाही. जागरणं, ती लिफ्ट, बाळंतिणीचं पथ्य, टाकीचं पाणी. निघताना स्टेशनवर मनी जे म्हणाली ते इथं लिहिणार नाही. चांगलंच म्हणाली.

आले तर आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी, आटपलेली. सगळी. आमसुलं रसाची पुटं देऊन वाळवून भरलेली, लाकडं पडवीत रचलेली, लोणच्याच्या बरण्यांच्या तोंडाला फडकी बांधलेली, कांदे टांगलेले. कोंबड्यांना राणीखेतची, आपण मानमोडी म्हणतो त्या रोगाची लससुद्धा देऊन झालेली, म्हणजे पावसात धडाधड मरायला नकोत. दरवर्षी या सगळ्याच्या नावानं मी मे महिनाभर ओरडत असते, मला एकटीला जुंपता म्हणून. या वर्षी कुणी ओरडलं नाही आणि सगळं झालं. मी बरण्यांची फडकी सोडून एकेक बरणी हुंगून बघितली. एखादी तरी बुरसलेली निघावी. नाही निघाली. उलट लोणच्यात मोहरी माझ्यापेक्षा बरी लागलीय, हे आई जेवताना सगळ्यांदेखत म्हणाल्या.

मिसळणाचा डबा चुलीच्या उजवीकडून डावीकडे गेलाय. धाकटी डावरी आहे, तिला तो तिकडेच लागणार. पण फोडणी तडतडत असताना माझा हात उजवीकडे जातो, रिकाम्या जागेवर पडतो आणि तोवर मोहरी जळते. मग ती येते. ‘ताई, तुमी बसा, मी करतंय.’ प्रेमानं म्हणते. खरंच प्रेमानं. यात टोच कुठे आहे हे मला दाखवता येणार नाही, आणि तरी मी वृंदावनामागं जाऊन उभी राहते ती राहतेच.

कुणाला काहीच वाटलं नाही, हे मला एवढं का लागतंय? त्यांचं अडावं असं मला हवं होतं का? दोन महिने लोणच्याविना जेवावं, कोंबड्या मराव्यात? नको होतं. पण थोडंसं अडायला काय हरकत होती.

बाळ मांडीवर झोपलं की मला हलता यायचं नाही, मग तिथं बसून मोबाईलवर काहीबाही वाचायची. एकदा एका नॉर्वेच्या माणसाचं सापडलं. थोर्लाइफ शेल्डरुप-एब्बे. नाव असं की वाचतानाच बाळ जागं होईल. हा म्हणे लहानपणापासून कोंबड्यांत बसून कोण कोणाला टोचतं याच्या नोंदी ठेवायचा, आणि १९२२ साली त्यानं ते शास्त्र म्हणून छापलं: कोंबड्यांच्यात पायऱ्या असतात, वरची खालचीला टोचते, खालची वरचीला उलट टोचत नाही. पायऱ्या एकदा ठरल्या की भांडणं कमी होतात, नुसत्या मान वर करण्यावर भागतं. वाचून मला हसू आलं होतं. आमच्या काकींनी कुठलाही कागद न खर्चता हे सांगितलं असतं, शिवाय गावातल्या चार घरांची उदाहरणं दिली असती.

पण त्यानं आणखी एक नोंदवलंय, ते आज दुपारी आठवलं. ही उतरंड नेहमी सरळ नसते. कधी कधी तिचा त्रिकोण होतो. एक दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी फिरून पहिलीला.

झोप येत नव्हतीच, म्हणून पडवीत जाऊन बसले. थोरली एकटीच खळ्याच्या कडेनं निघाली होती. म्हटलं, बघू कुठे जाते ही. गेली ती थेट गायरीवर. शेणाच्या ढिगाचा वरचा थर वाळलेला, खालचा ओला. तिनं एका पायानं दोनदा मागं उकरलं, मग दुसऱ्या पायानं, एक पाऊल मागं आली, मान वाकडी करून एका डोळ्यानं निरखलं आणि टिपलं. पांढरी जाड अळी, चांगली करंगळीएवढी. परत उकरलं, परत टिपलं. खळ्यात सगळ्या त्या कोरड्या कणीवर एकमेकींच्या डोक्यावर पाय देत होत्या आणि ही तिकडे एकटी पंगत झोडत होती. पूर्वी ही गायरीकडे फिरकायची नाही. कणीची मधली जागा सोडून कशी जाणार? जागा राखायची तर जागेवर असावं लागतं.

पोट भरल्यावर राखेच्या खड्ड्यात गेली. तिथं कवडी आधीच लोळत होती, पंख पसरून, डोळे मिटून. थोरलीनं नुसती मान वर केली. कवडी उठून, अंग झाडून, निमूट निघाली. म्हणजे तिथं हिची अजून चालते! मी ताठ होऊन बसले. कवडी तशीच खळ्यात गेली, आणि वाटेत काळी आली, तर कवडीनं तिला टोचलं. काळीनं, सकाळच्या त्या महाराणीनं, मान खाली घातली आणि बाजूला झाली.

मला इतकं हसू आलं की आईंनी आतून विचारलं काय झालं.

काळी थोरलीला, थोरली कवडीला, कवडी काळीला. आणि घरात? आई धाकटीला ऐकवतात, उठता बसता. खरं तर माझ्यासमोर एक शब्द वावगा नसतो, पण तिची भाकरी म्हणे कधी गोल नसते. धाकटी मला बसवून ठेवते. आणि आईंच्या ताटातलं मीठ मी तोडते, पापड मी उचलते, डॉक्टरांचं नाव सांगून. आज आईंनी पापडाला हात घातला, मी नुसतं बघितलं. ठेवला खाली. मोहरीचं कौतुक करताना हे आठवायला हवं होतं त्यांना.

कोंबड्या झाकायच्या वेळेला मी मुद्दाम गेले. खुराड्यात दोन दांड्या आहेत, एक वर, एक खाली. वरची मानाची. काळी उडून वरच्या दांडीवर भिंतीला लागून बसली, थोरलीच्या जागेवर. थोरली खाली उभी राहून वर बघत होती. माझ्या घशाशी आलं परत. हिला उचलून वर ठेवावी, काळीला ढकलावी, असं हातांत अगदी आलं होतं. पण असं ठेवलेलं टिकत नाही, रात्रीतून फडफड होते, दोघींना लागतं.

मग तिनं खालची दांडी धरली. खाली बसायचं म्हणजे वरच्यांची शीट रात्रभर अंगावर, खालच्या दांडीवरच्या पाठीवरून कळतंच कोण कुठं बसतं ते. थोरली दांडीवरून सरकत सरकत अगदी टोकाला गेली, दरवाजाच्या बाजूला, जिथं वरची दांडी आखूड आहे आणि डोक्यावर कोणी नाही. तिथं पिसं फुगवून बसली. वारा लागतो तिथं. सकाळी दार उघडलं की बाहेर पडायचा पहिला नंबरही तोच. काळीला सगळ्यांच्या मागून यावं लागणार. बाई अगदीच काही खुळी नाही.

उद्या दार उघडायला मी जाणार. धाकटीला सांगून ठेवलंय. तिनं एकदा बघितलं माझ्याकडे, म्हणाली, ‘जावा. पण झोप झाली नाय म्हणून परत सांगू नको माका.’ पहिल्यांदाच मला ‘सांगू नको’ म्हणाली, ‘सांगू नका’ नाही. बरं वाटलं का वाईट, ठरत नाही.

सगळे निजल्यावर मिसळणाचा डबा उचलून उजवीकडे ठेवला. सकाळी ती हलवील. हलवू दे. चहा मात्र उद्यापासून मी टाकणार. तिचा फार गोड होतो, आणि आई तो दोनदा मागून घेतात.