कॉकपिटमधला मास्क पेटीत परत ठेवताना

कॉकपिटमध्ये वैमानिकाच्या बाहेरच्या अंगाला, खिडकीखालच्या कन्सोलमध्ये, ऑक्सिजन मास्कची पेटी बसवलेली असते. वर दोन झाप, आणि त्यांच्या मधून मास्कच्या लाल पकडीची टोकं हाताला लागतील एवढी बाहेर आलेली. ती चिमटीत दाबून मास्क ओढायचा. दाब पडताच डोक्यावरच्या पट्ट्यांच्या नळ्यांत ऑक्सिजन शिरतो, पट्टे फुगून मोठा घेर होतो आणि तो डोक्यावरून सरळ उतरतो. पकड सोडली की नळ्यांतली हवा निघून जाते आणि पट्टे आवळून मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो. अमेरिकेचं एफएए आणि युरोपचं ईएएसए या दोन हवाई सुरक्षा नियामकांच्या प्रमाणीकरण नियमांत यासाठी मोजमाप दिलेलं आहे: एका हाताने, ५ सेकंदांत, चष्मा न विस्कटता आणि पुढच्या आपत्कालीन कामाला उशीर न होता.

या ५ सेकंदांची चर्चा नेहमी मास्क पेटीतून काढण्याच्या बाजूने होते. मी लाइन मेंटेनन्सच्या, म्हणजे उड्डाणांच्या मधल्या वेळात विमान तपासणाऱ्यांच्या, बाजूचा, त्यामुळे मला ती उलटीकडून दिसते. मास्क ५ सेकंदांत चेहऱ्यावर येईल की दहा, हे आदल्या माणसाने तो पेटीत कसा कोंबला त्यावर ठरून गेलेलं असतं. म्हणून इथे लिहितोय ती ठेवण्याची रीत.

आधी एवढी घाई कशासाठी, ते आकड्यांत. केबिनमधला दाब गेल्यावर माणूस शुद्धीत दिसत असला तरी कामाचा राहतो तो थोडाच वेळ. २५,००० फुटांवर ३ ते ५ मिनिटं, ३५,००० वर ३० ते ६० सेकंद, ४०,००० वर १५ ते २० सेकंद. दाब झटक्यात गेला तर हा वेळ निम्म्यापर्यंत खाली येतो, कारण फुप्फुसातला ऑक्सिजनही बाहेर खेचला जातो. शिवाय त्या १५ सेकंदांतले पहिले काही दचकण्यात आणि काय झालं ते कळण्यातच जातात. घडीत अडकलेला मास्क सोडवायला त्यात जागा नाही.

पेटीला हात लावण्याआधी मी हात धुतो. हे सोवळं नाही. शुद्ध ऑक्सिजनच्या संपर्कात तेल, ग्रीस, हँडक्रीम, व्हॅसलीनसारखं काहीही सहज पेट घेऊ शकतं. वैमानिकांनी ओठांना लावलेलं मलम याच यादीत येतं, पण ते सांगितलं की लोक हसतात.

मग मास्क बाहेर काढून पूर्ण उलगडतो. चेहऱ्याला लागणारी रबरी कड बोटाने फिरवून पाहायची: चीर, चिकटपणा, कडकपणा. पट्ट्यांच्या नळ्या हलक्या ताणून पाहायच्या, कारण बारीक भेगा सैल असताना दिसत नाहीत. माइकची वायर मास्कच्या कपाशी जिथे वळते तिथे तुटायला टेकलेली असते, तिच्याकडे नीट बघायचं. कप पुसायला अल्कोहोल नसलेले, उत्पादकाने मान्य केलेले पुसणेच वापरायचे. ओलावा राहू द्यायचा नाही. विमानासाठीचा ऑक्सिजन मुद्दाम अगदी कोरडा ठेवलेला असतो, कारण थंडीत पाण्याचा कण रेग्युलेटरमध्ये, म्हणजे मास्कवरच्या ऑक्सिजन सोडणाऱ्या यंत्रणेत, गोठला तर ती अडकते. आपणच कप ओला करून ठेवला तर त्या कोरडेपणाचा उपयोग काय?

आता रेग्युलेटर. त्यावर बहुतेक विमानांत दोन गोष्टी असतात. एक, नॉर्मल आणि १०० टक्के असा निवडक (सिलेक्टर). नॉर्मलवर रेग्युलेटर ऑक्सिजनमध्ये कॉकपिटची हवा मिसळतो आणि ऑक्सिजनची बाटली जास्त पुरते. पण कॉकपिटमध्ये धूर असेल तर त्याच मिश्रणातून धूर नाकात येतो. म्हणून मास्क ठेवताना निवडक नेहमी १०० टक्क्यांवर. धुरात मास्क चढवणारा माणूस आधी निवडक शोधत बसणार नाही. दुसरी, इमर्जन्सीची कळ. ती चालू केली की श्वास घेतला नाही तरी ऑक्सिजन दाबाने येत राहतो, मास्कच्या आत दाब बाहेरच्यापेक्षा जास्त राहतो आणि धूर कडेतून आत शिरत नाही. ठेवताना ही कळ बंद असलीच पाहिजे. चालू राहिली आणि पेटीतला पुरवठा नीट बंद झाला नसेल, तर बाटली रात्रभर हळूहळू रिकामी होते. सकाळी दाब कमी दिसला की सगळे आधी जोडण्यांमध्ये गळती शोधतात. मी आधी मास्कच्या कळा बघतो.

घडीचा भाग सगळ्यात नाजूक. आधी नळी. ती पेटीच्या तळाशी तिच्या नैसर्गिक वळणाने गोल गुंडाळायची, पीळ पडू न देता. पीळ राहिला तर ओढताना मास्क हातात आडवा फिरतो आणि रेग्युलेटर कपाळाकडे येतो. वैमानिक तो सरळ करतो, त्यात दोन सेकंद गेले. गुंडाळी पेटीच्या कडेपेक्षा खाली राहिली पाहिजे. ती वर आली तर झाप नळीवर बसतो आणि काही महिन्यांत तिथे दाबल्याची खूण, मग चीर. नळीनंतर पट्टे. त्यांतली हवा पूर्ण गेली आहे हे बघून ते आत दुमडून कपाच्या आणि नळीच्या मधे बसवायचे. एकही फास बाहेर लोंबता नको. तो झापाच्या बिजागरीत अडकतो, आणि मास्क निम्मा बाहेर येऊन थांबतो. हाताला हिसका बसतो, पण मास्क येत नाही. शेवटी मास्क, रेग्युलेटर वर, लाल पकड बाहेर, बोटं जशी येणार तशाच दिशेने. पकड झापाखाली दबून राहिली तर पट्ट्यांत सतत थोडाथोडा ऑक्सिजन जात राहतो, हीसुद्धा गळतीच.

प्रत्येक बनावटीची घडी थोडी वेगळी असते, त्यामुळे त्या मास्कच्या मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवायचं. आठवणीवर घडी घालणाऱ्यांची घडी हमखास एक पट्टा जास्त दुमडलेली असते. पूर्ण चेहऱ्याच्या मास्कमध्ये पारदर्शक काच असल्यामुळे जागा आणखी कमी. तिथे काच कशालाही घासणार नाही, एवढं जास्तीचं बघावं लागतं.

झाप बंद केल्यावर काम संपत नाही. अनेक पेट्यांत झाप उघडला की पुरवठ्याची झडप उघडते आणि ऑक्सिजन चालू असल्याची खूण वर येते. नुसता झाप लावून ती खाली जात नाही, रीसेटची पट्टी सरकवावी लागते. एअरबस ए३२० मध्ये झाप उघडताच मास्कचा माइक चालू होतो आणि हेडसेटचा बूम माइक बंद पडतो. रीसेट विसरलं तर पुढचा वैमानिक रेडिओवर बोलतो आणि कोणालाच काही ऐकू जात नाही. बोइंग ७३७ मध्ये हे आपोआप होत नाही, ऑडिओ पॅनेलवर मास्क आणि बूम असा वेगळा स्विच आहे. म्हणजे एका विमानात मास्क ठेवल्यावर माइक अडतो, तर दुसऱ्यात मास्क चढवल्यावर. दोन्ही प्रकारांवर काम करणाऱ्याने हे डोक्यात वेगवेगळं ठेवायचं.

चाचणी मास्क पेटीतच ठेवून होते. एअरबसमध्ये आधी वरच्या पॅनेलवरचा क्रू ऑक्सिजनचा पुरवठा चालू करायचा. टेस्टची पट्टी दाबून धरली की प्रवाहदर्शक खिडकीत पिवळी खूण क्षणभर दिसून जाते. ती गेली नाही, टिकून राहिली, तर रेग्युलेटर गळतो आहे. पट्टी धरूनच इमर्जन्सीची कळ दाबायची: आता पिवळी खूण टिकली पाहिजे. मास्कचा माइक इंटरकॉमवर आणि स्पीकर चालू ठेवला असेल तर ऑक्सिजनचा फुस्स आवाज ऐकू येतो. त्या एकाच आवाजाने माइकसुद्धा तपासून होतो.

पण डोळे त्या वेळी खिडकीवर कमी आणि दाबाच्या आकड्यावर जास्त हवेत. भरलेल्या बाटलीचा दाब २१ अंश सेल्सियसला १,८५० पीएसआय (दाबाचं एकक) असतो. ७३७ मध्ये इमर्जन्सी कळ ५ सेकंद दाबून धरायला सांगतात. त्या वेळात आकडा १०० पीएसआयपेक्षा जास्त पडला, भरभर पडला, किंवा सोडल्यावर हळूहळू चढत परत आला, तर बाटलीची झडप पूर्ण उघडलेली नाही. कारण साधं आहे: मोजणारा सेन्सर झडपेच्या पुढे असतो. झडप अर्धवट उघडी असली तरी नळीत दाब साठतो आणि आकडा भरलेला दिसतो. काही क्षण मास्क चालतोही. पट्टे फुगतात, पिवळी खूण येते, आणि चाचणी क्षणभरातच उरकणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. दोन वैमानिक एकदम श्वास घ्यायला लागले की खरी गोष्ट उघडी पडते. बाटली बदलल्यानंतरची पहिली चाचणी म्हणूनच मी पूर्ण ५ सेकंद घेतो, घड्याळात बघून.

दाब वाचताना तापमान धरावंच लागतं. २१ अंशांना १,८५० असलेली बाटली शून्य अंशांना साधारण १,७०० दाखवेल आणि ४० अंशांना १,९५० च्या पुढे. ऑक्सिजन तेवढाच. थंडीत आकडा पडला म्हणून गळती शोधणं जितकं वाया, तितकंच उन्हात उभ्या विमानाचा फुगलेला आकडा पाहून बाटली पुरेशी समजणं धोक्याचं. उड्डाणासाठी किमान किती हवं, ते तापमान आणि कॉकपिटमधल्या माणसांची संख्या यांच्या तक्त्यावरून ठरतं. जंपसीटवर, म्हणजे कॉकपिटमधल्या जादा खुर्चीवर, जास्तीचा माणूस असेल तर आकडा वाढतो, आणि त्याचा मास्कही तपासायचा असतो. तो सगळ्यात जास्त विसरला जाणारा मास्क.

आता हाताच्या टप्प्याबद्दल. पेटीची जागा विमान बनवताना ठरते, आपण ती हलवू शकत नाही. पण तिच्यासमोर काय येतं ते आपल्या हातात असतं. टॅबलेटचा स्टँड, चार्जरची वायर, फ्लाइट बॅगचा पट्टा, कागदी कप, जाकीट. झाप पूर्ण उघडतो का, हे स्टँड त्याच्या खऱ्या जागी लावूनच बघायचं. खुर्ची मागे सरकवलेली असेल तर पेटी पुढे राहते, पूर्ण पुढे घेतली तर कोपर मागे वळवावा लागतो. म्हणून वैमानिकाने खुर्ची उड्डाणाच्या स्थितीत लावून, पट्टे बांधून, एकदा हात पेटीपर्यंत नेऊन पाहावा. दोन्ही हात.

दोन्ही हात का, ते १४ मे २०१८ ला दिसलं. चोंगकिंगहून ल्हासाकडे निघालेल्या सिचुआन एअरलाइन्सच्या ८६३३ या उड्डाणात सुमारे ३२,००० फुटांवर एअरबस ए३१९ ची उजवीकडची पुढची काच निखळली. कॅप्टनच्या डाव्या हातात साइडस्टिक (विमान चालवायची काठी), मास्क डावीकडे मागे, आणि विमान जोरात हादरतंय. उजव्या हाताने मास्क पेटीतून काढण्याचा प्रयत्न त्यांनी केला, तो जमला नाही. विमान चेंगडूला सुखरूप उतरलं, पण कॅप्टनच्या चेहऱ्यावर मास्क शेवटपर्यंत आला नव्हता. पेटी नियमाप्रमाणे हाताच्या टप्प्यातच होती. मोकळा हात मात्र चुकीच्या बाजूचा होता.

काही बिझनेस जेटमध्ये पेटी नसते, खांद्यामागे कपासारख्या धारकात किंवा हुकावर मास्क टांगलेला असतो. तिथे घडीचा त्रास कमी, पण पट्टा हुकावरून घसरून खाली लोंबण्याचा जास्त. त्यातल्या काहींच्या मॅन्युअलमध्ये टोपी आणि कानावरचे जाड हेडसेट मास्क चढवण्याआधी काढा, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. दाढीचाही प्रश्न तोच: कड त्वचेवर बसत नाही, केसांतून गळते.

नळीची एक गोष्ट राहिली. २९ जुलै २०११ ला कैरोच्या विमानतळावर उभ्या असलेल्या इजिप्तएअरच्या बोइंग ७७७ च्या कॉकपिटमध्ये आग लागली, सुरुवात फर्स्ट ऑफिसरच्या (सहवैमानिकाच्या) ऑक्सिजन नळीजवळ. नळी दुमडू नये म्हणून आत धातूची स्प्रिंग असायची, आणि वायरिंगच्या दोषाने त्या स्प्रिंगमध्ये वीज उतरली तर ती तापते. पुढे ७७७ वर वीज न वाहणाऱ्या नळ्या सक्तीने बसवल्या गेल्या. म्हणून नळी बदलताना मापाबरोबर पार्ट नंबरही जुळवायचा, दिसायला सारखी आहे म्हणून जुनी उचलायची नाही. पेटीजवळची वायर नळीला किंवा जोडणीला घासते का, हेही मास्क बाहेर असतानाच दिसतं. मास्क आत गेल्यावर टॉर्च घेऊनही दिसत नाही.

हे सगळं एका मास्कला नीट केलं तर दहा-पंधरा मिनिटं. शेवटी हेडसेट लावून बूम माइकवर एक वाक्य बोलतो. ते ऐकू गेलं, पिवळी खूण नाही, दाब स्थिर आहे, तर लॉगमध्ये सही. मग जंपसीटच्या मास्ककडे.