कॉर्नवॉलच्या कड्यांवरून पायी

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्राच्या कडेकडेने जाणारी ‘साउथ वेस्ट कोस्ट पाथ’ ही पायवाट सॉमरसेटमधील माइनहेडला सुरू होते आणि डेव्हन व कॉर्नवॉलला वळसा घालून डॉर्सेटमधील पूल बंदराच्या तोंडाशी संपते. तिची एकूण लांबी 630 मैल, म्हणजे हजार किलोमीटरहून थोडी अधिक आहे. ती सलग चालणारे लोकही असतात. पण नोकरी सांभाळून येणाऱ्याने तिचा एखादा तुकडाच निवडावा. आम्ही उभयतांनी सेंट आइव्ह्जपासून लँड्स एंडमार्गे पोर्थकर्नोपर्यंतचा तुकडा निवडला.

या वाटेवर नकाशातील अंतराचा फारसा उपयोग होत नाही. पूर्वी चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी तटरक्षक या किनाऱ्यावर पायी गस्त घालत असत, आणि होडी कोणत्या घळीत शिरेल याचा नेम नसल्याने त्यांना प्रत्येक घळीत डोकावून पाहावे लागे. त्यामुळे वाट कड्याच्या धारेला चिकटून राहिली. गडावर जाताना एकदा माथा गाठला की चढण संपते. येथे मात्र कडा चढावा, लगेच ओढ्यापर्यंत उतरावे आणि पुन्हा तेवढेच चढावे, असे दिवसभर चालते. पूर्ण वाटेवरील चढांची बेरीज एव्हरेस्टच्या उंचीच्या जवळपास चौपट भरते, हे आधी वाचले होते. ते गुडघ्यांना पटायला पहिला दिवस पुरला.

तो पहिला टप्पा म्हणजे सेंट आइव्ह्ज ते झेनर. अंतर जेमतेम दहा किलोमीटर, पण संपूर्ण वाटेतील सर्वांत अवघड टप्प्यांत त्याची गणना होते. ग्रॅनाइटचे मोठमोठे धोंडे वाटेत आडवे पडलेले असतात आणि त्यांच्या मधल्या फटींत झऱ्याचे पाणी झिरपून काळा चिखल साचलेला असतो. हातातली काठी मिटवून सॅकला अडकवायची, दोन्ही तळवे खडबडीत दगडावर टेकायचे आणि बूट कोठे ठरेल हे पाहून मगच अंग खाली सोडायचे. वारा बहुधा नैर्ऋत्येकडूनच येत असल्याने लँड्स एंडपर्यंत तो तोंडावर घ्यावा लागतो. तरीही मी हीच दिशा सुचवीन, कारण कठीण टप्पा पाय ताजे असताना उरकतो.

मुक्कामांची सोय मात्र आधीच करावी लागते. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय तंबू ठोकता येत नाही, आणि उन्हाळ्यात लहान गावांतल्या खोल्या लवकर भरतात. एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामी सामान पोहोचवणारी सेवा मिळते. ती घेण्यात कमीपणा मानू नये. वाट कित्येकदा खासगी शेतांतून जाते, त्यामुळे फाटक उघडले की आपल्यामागे ते लावून घ्यायचे. दिशा दाखवायला खांबांवर ओकच्या फळाचे चिन्ह असते.

पेंडीनच्या पुढे कथिलाच्या आणि तांब्याच्या खाणींचा मुलूख लागतो. बोटॅलॅक येथे कड्याच्या अगदी पायथ्याशी दोन इंजिनघरे उभी आहेत आणि खाणीचे बोगदे तेथून समुद्रतळाखाली गेलेले आहेत. शेजारच्या लेव्हंट खाणीत कामगारांची ने-आण करणारी हलत्या दांड्याची यंत्रणा 1919 साली तुटून 31 जण मरण पावले. 2006 साली हा खाणप्रदेश जागतिक वारसा यादीत आला.

पोर्थकर्नोला बहुतेक लोक कड्यात कोरलेले मिनॅक नाट्यगृह पाहायला येतात. मराठी माणसाने मात्र आधी तेथील तारायंत्राच्या संग्रहालयात जावे. मुंबईहून एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर असे टप्पे घेत आलेली समुद्राखालच्या तारांची साखळी 1870 च्या जूनमध्ये याच लहानशा पुळणीवर इंग्लंडला लागली, आणि जहाजाने कित्येक आठवडे घेणारा निरोप काही मिनिटांत पोहोचू लागला. दुसऱ्या महायुद्धात हे केंद्र बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी कड्यात भुयारे खोदण्यात आली. ते काम कॉर्नवॉलच्याच खाणकामगारांनी केले. ती भुयारे आज संग्रहालयाचा भाग आहेत. त्यांच्यासाठी निदान अर्धा दिवस राखून ठेवावा आणि पेन्झन्सची बस त्या हिशेबाने, उशिराची धरावी.