शेगडीचा वास

परभणीत वसमत रोडला माझं गाड्यांच्या एसीचं गॅरेज आहे. बावीस वर्षं झाली हे काम करतोय, त्यातली पहिली सहा उस्तादांच्या हाताखाली गेली. मार्च संपला की आमचा सीझन सुरू होतो, तो पहिला दमदार पाऊस पडेपर्यंत. मे महिन्यात पारा ४३च्या पुढे गेला की दुपारी उन्हात राहिलेला पाना उघड्या हाताने उचलवत नाही, आणि तेव्हाच दारात सात-आठ गाड्यांची रांग असते. प्रत्येकाचं मागणं एकच: "जरा गॅस मारून द्या."

ह्या वाक्याचा मला मनापासून राग आहे. गाडीच्या एसीतला गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. कॉम्प्रेसर तो दाबतो, कंडेन्सरमध्ये त्याची उष्णता बाहेर जाऊन तो पातळ होतो, एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून तो कूलिंग कॉइलमध्ये सुटतो, तिथे केबिनची उष्णता घेऊन परत वाफ होतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे जातो. तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. उस्ताद म्हणायचे, "गॅस खतम नहीं होती बेटे, निकल जाती है." रबरी पाइपातून, शाफ्टच्या सीलमधून वर्षाला थोडाफार झिरपतो, ते समजू शकतो. पण दोन महिन्यांत थंड हवा बंद पडली तर कुठेतरी भोक आहे. ते न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे तळ गेलेल्या घागरीत पाणी ओतणं.

दोन वर्षांमागच्या मे महिन्यातली गोष्ट. लग्नाची दाट तिथी होती. दुपारी दोनच्या सुमाराला पाथरीकडची एक सात सीटर गाडी आली. मालकच ड्रायव्हर, तिशीतला तरुण, भाड्याने गाडी चालवणारा. मागच्या सीटवर त्याची आई. तिला डोळ्यांच्या दवाखान्यात आणलं होतं. एका डोळ्याला हिरवी पट्टी, आणि पदर नाकाला लावलेला.

"मिस्त्री, उद्या पहाटे औंढ्याला वऱ्हाड घेऊन जायचंय. आत्ताच गॅस मारा, एक तासात सोडा."

"याआधी कधी मारला होता?"

"महिना झाला असंल. त्याच्या आधी पंधरा दिवस एकदा."

म्हणजे दीड महिन्यात ही तिसरी खेप. मी म्हणालो, आधी लीक बघू. तो चिडला. रांग मोठी, ऊन मोठं, त्यात मी तपासणीचं बोलतोय. मी दाब मोजणारे गेज लावले, गाडी चालू करायला सांगितली. लो साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा काटा वीस पीएसआयच्या आसपास, हाय साइड, म्हणजे कॉम्प्रेसरने दाबलेल्या गॅसची बाजू, जेमतेम एकशेतीस. ह्या उन्हात हाय साइडने अडीचशेच्या घरात असायला हवं. कॉम्प्रेसरचा क्लच टक करून लागायचा आणि काही सेकंदांत सुटायचा. गॅस कमी, हे लहान पोरही सांगेल.

म्हातारी खाली उतरून शेडच्या खांबापाशी बसली होती. पोऱ्याने पाणी दिलं. घोटभर पिऊन ती म्हणाली, "लेकरा, ह्या गाडीत शेगडीचा वास यायलाय. आठ दिस झाले सांगायलेय मी ह्याला."

"आई, तो सेंटचा वास हाय," मालक म्हणाला. आरशाला सुगंधी डबी टांगलेली होती.

मीही तेव्हा लक्ष दिलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच सांगतो. डोळ्याचं ऑपरेशन झालेली बाई, ऊन लागलं असेल, असं मनात आलं आणि मी कामाला लागलो.

माझ्याकडे गॅसची गळती शोधणारं इलेक्ट्रॉनिक मशीन आहे. त्याची सोंड जॉइंटजवळ नेली आणि तिथून आर-१३४ए, म्हणजे गाडीच्या एसीतला नेहमीचा गॅस, बाहेर येत असेल तर ते टिकटिक वाढवत जातं. मी कंडेन्सरचे कोपरे बघितले, दोन्ही पाइपांचे जॉइंट, कॉम्प्रेसरचं सील, सर्व्हिस व्हॉल्व्ह. काही नाही. डॅशबोर्डच्या जाळीत सोंड घातली, तिथेही गप्प. मग गाडी बंद करून खाली शिरलो. कूलिंग कॉइलवर जमणारं पाणी ज्या रबरी नळीतून रस्त्यावर ठिबकतं, तिच्या तोंडावर साबणाचा फेस धरला.

फेसाचा एक फुगा सावकाश फुगला. लिंबाएवढा झाला, फुटला. मी पुन्हा फेस धरला, पुन्हा फुगला.

म्हणजे कॉइल आत फुटलेली होती. पण मग मशीन का बोलत नाही? सोंड थेट त्या नळीला लावली. गप्प. सेल संपले असतील म्हणून उठून माझ्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह किंचित उघडून बघितलं, तर मशीन किंचाळलं. मशीन ठणठणीत होतं.

परत गाडीपाशी आलो, गेजची नळी पोर्टवरून काढली. काढताना नेहमी एक फुस्स होते. ती माझ्या तोंडावर आली आणि माझे हात तिथेच थांबले. आर-१३४एला वास जवळजवळ नसतोच. हा वास तर मला रोज पहाटे घरात येतो, रेग्युलेटर बसवताना. म्हातारी बरोबर होती. गाडीच्या एसीत स्वयंपाकाचा गॅस भरलेला होता.

माझं मशीन फ्लोरिन-क्लोरिनवाले गॅस ओळखतं. स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, त्यात तसलं काही नसतं, म्हणून ते गप्प होतं. त्या गॅसला मुळात वास नसतो. गळती झाली तर माणसाला कळावं म्हणून त्यात मुद्दाम तो घाण वास मिसळलेला असतो. ज्या कामासाठी मिसळला होता, ते काम त्याने आठ दिवस केलं होतं. ऐकणारं कोणी नव्हतं.

मी ओरडलोच, किल्लीला हात लावू नका. चारी दारं आणि डिकी उघडली. शेजारच्या वेल्डिंगवाल्याला हात जोडून काम थांबवायला सांगितलं. पोऱ्या पटकन पाना घेऊन बॅटरीची तार काढायला निघाला, त्याला मागे ओढलं. तार काढताना तिथेच ठिणगी पडते. आधी गाडी ढकलत मागच्या मोकळ्या जागेत नेली, चांगला तासभर वारं खेळू दिलं, मग तार काढली. सीएनजी किट बसवणारा माझा एक मित्र आहे, त्याच्याकडचं जळाऊ गॅस ओळखणारं यंत्र मागवलं. ते ड्रेनच्या नळीजवळ नेताच वाजायला लागलं. पुढच्या सीटच्या पायाखालच्या मॅटवर नेलं, तिथेही वाजलं, एवढा वेळ दारं उघडी असून. हा गॅस हवेपेक्षा जड. तो वर जाऊन निघून जात नाही, पायाशी साचतो.

मग मालकाला समजावून सांगायला बसलो. असल्या गाडीत तीनशे ग्रॅम जरी स्वयंपाकाचा गॅस असला, तरी मोकळा झाल्यावर तो दीडशे लिटरच्या जवळपास जागा व्यापतो. बंद केबिनची हवा तीन-चार हजार लिटर. हवेत हा गॅस साधारण दोन टक्क्यांच्या पुढे गेला की एका ठिणगीचं काम असतं. तुमची गाडी रात्रभर काचा लावून उभी असते. तो ऐकत होता, पण त्याचे डोळे डॅशबोर्डकडे गेले होते.

तिथे तुळजाभवानीचा छोटा फोटो होता, आणि फोटोपुढे चिकटवलेलं पितळी अगरबत्तीचं घर. त्यात अर्धी जळलेली काडी, खाली राखेचा बारीक ढीग, काही राख एसीच्या जाळीवर उडालेली. रोज सकाळी गाडीत बसून, काडेपेटी ओढून, अगरबत्ती लावूनच तो गिअर टाकायचा.

तो काही बोलला नाही. टायरवर बसला. बऱ्याच वेळाने आईकडे बघून म्हणाला, "कामून जोरात नाही सांगितलं गं?"

"सांगायलेच होते की," ती म्हणाली.

वाटेवरच्या एका गॅरेजात निम्म्या पैशात गॅस भरून मिळाला होता. मी तिथे फोन लावला. पलीकडचा पोरगा वीस-बावीसचा असावा. नाकारलं नाही त्याने. "काका, कूलिंग लई भारी येतं याने," म्हणाला. खोटं नव्हतं ते. प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण थंड छान करतं, घरातल्या पुष्कळशा फ्रिजमध्ये आज आयसोब्युटेनच असतो. पण फ्रिजमध्ये तो मोजून पन्नास-साठ ग्रॅम, आणि फ्रिज त्या गॅससाठीच बनवलेला. ही गाडी आर-१३४एसाठी बनवलेली. तिची कॉइल माणसांच्या गुडघ्यांपुढे, त्याच डब्यात ब्लोअरची मोटर, शेजारी वायरिंग. पुढून जरा जोराची धडक बसली तर पहिला फुटतो तो कंडेन्सर, गरम इंजिनच्या तोंडाशी. शिवाय घरगुती सिलेंडर असा वापरणं गुन्हा आहे. हे सगळं त्याला सांगितलं. "गिऱ्हाईकच स्वस्त मागतंय," तो म्हणाला. त्याला म्हटलं, एक दिवस ये माझ्याकडे, मी शिकवतो, पैसे नको. हो म्हणाला, आला नाही. हे काम कोणाला दाखवायचं असेल तर मी आजही दाखवतो, कारण मलाही कोणीतरी दाखवलं म्हणून आलं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर गॅस सोडला. एरवी मी गॅस हवेत सोडत नाही, मशीनने ओढून रिकाम्या सिलेंडरमध्ये घेतो. आर-१३४ए हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट भारी पडतो, आणि आमच्या मराठवाड्याला आणखी तापायची गरज नाही. पण ह्या मिश्रणाला विजेच्या मोटरवर चालणाऱ्या मशीनमध्ये घेणं म्हणजे गॅरेज पेटवणं. जवळ नाली नाही, खड्डा नाही, वारं शेताकडे जातंय हे बघितलं, चहावाल्याची शेगडी बंद करवली, लांब नळी लावून अगदी थेंबाथेंबाने सोडला. नळीच्या तोंडाला पांढरं दव धरलं. मग नायट्रोजन भरून तीनदा सोडला, तेव्हा कुठे ते यंत्र वाजायचं थांबलं.

वऱ्हाडाचं काय, तर त्याने रात्रीतून भाच्याची गाडी बघितली. त्याला भाडं वाटून द्यावं लागलं, पण गेला.

कॉइल छत्रपती संभाजीनगरहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने तिसऱ्या दिवशी आली. डॅशबोर्ड उतरवायला आम्हा दोघांना पाच तास लागले. जुनी कॉइल बाहेर काढली तेव्हा ती कॉइल वाटतच नव्हती. गाडीत केबिन फिल्टर नव्हता. कधीतरी काढून टाकलेला, परत बसवलेला नाही. कापसाच्या सीझनमध्ये गाडी जिनिंगच्या दारात उभी राहायची, तो सगळा कापूस आत ओढला गेला होता. त्यावर लिंबाचा पाला, रस्त्याची काळी माती, आणि वर कॉइलचं रोजचं पाणी. जाळीदार अॅल्युमिनियमवर बोटभर जाडीचा ओला नमदा झाला होता. तो मी हाताने सोलून काढला. खाली धातू पांढरा पडून खवले सुटले होते. कॉइलमध्ये हवा भरून पाण्याच्या टबात बुडवली, तर खालच्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची एक बारीक दोरी निघाली. सुईने टोचावं एवढं भोक. फिल्टर वेळेवर बदलला असता तर ती कॉइल आणखी कित्येक वर्षं चालली असती. फिल्टरचा खर्च कॉइलच्या आणि मजुरीच्या मानाने काहीच नाही.

पुढचं काम आमचं रोजचं. पाइप धुतले, ओलावा शोषणारा नवा ड्रायर, जॉइंटमधल्या सगळ्या रबरी ओ-रिंग नव्या, कॉम्प्रेसरचं तेल बदललं. पाऊण तास व्हॅक्यूम ओढला, कारण त्या पोकळीत राहिलेला पाण्याचा अंशही उकळून वाफ होऊन निघून जातो. मग पंप बंद करून अर्धा तास काटा बघत बसलो. हलला नाही. बॉनेटखालच्या स्टिकरवर ५५० ग्रॅम लिहिलेलं होतं, सिलेंडर वजनकाट्यावर ठेवून तेवढाच भरला. गेजचा काटा बघून अंदाजाने भरणारे पुष्कळ आहेत. मी वजनाशिवाय भरत नाही.

गाडी न्यायला तो आला तेव्हा आईला घेऊन आला. डोळ्याची पट्टी निघाली होती. मी जाळीत थर्मामीटर अडकवला, दहावर येऊन थांबला. त्याने पितळी अगरबत्तीचं घर खरवडून काढलं होतं आणि फोटोपुढे एक प्लॅस्टिकचं जास्वंदीचं फूल लावलं होतं. म्हातारीला मी पुढच्या सीटवर बसवलं, काचा लावायला सांगितल्या आणि म्हटलं, "मावशी, आता नीट वास घ्या."

तिने पदर खाली केला. जाळीजवळ तोंड नेऊन दोनदा, तीनदा दीर्घ श्वास घेतला. मी आणि तिचा लेक बाहेरून काचेतून बघत होतो. मग तिने काच खाली केली.

"वास न्हाई," ती म्हणाली. "पण थंडी वाजायलीय. कमी कर जरा."