पंथ सोडल्यावर त्यातूनच फुटलेल्या गटात जावं का?

पैशापासून लग्नापर्यंत सगळ्यात हात घालणारा धार्मिक गट सोडला, की काही महिन्यांत एक निमंत्रण हमखास येतं. आधी बाहेर पडलेल्या कुणीतरी वेगळी चूल मांडलेली असते. प्रार्थना त्याच, गाणी तीच, चेहरे ओळखीचे, फक्त वरचा 'तो' माणूस तिथे नसतो. अशा वेळी मन ओढलं जाणं अगदी स्वाभाविक आहे. ज्यांच्यासोबत आयुष्याची कितीतरी वर्षं गेली, त्यांच्याशी बोलताना प्रत्येक शब्द उलगडून सांगावा लागत नाही. ही सोय किती मोठी आहे, ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. म्हणून 'अजिबात जाऊ नका' असं मी म्हणणार नाही. पण नवा गट तपासताना बहुतेक जण शिकवण बदलली का तेवढंच बघतात. त्याहून आधी कारभार बघायला हवा: नेमणुका कोण करतं, हिशेब कोण तपासतं आणि 'नाही' म्हणणाऱ्याचं पुढे काय होतं.

अर्थात मूळ गटातून पाय पूर्ण निघाला असेल, तरच ही तपासणी डोकं ठिकाणावर ठेवून करता येते. म्हणून सुरुवात तिथून.

आधी कागद, मग पत्र

सोडणार असल्याचं कुणालाही सांगण्याआधी मूळ कागदपत्रं स्वतःच्या ताब्यात घ्या: जन्मदाखला, पासपोर्ट, शिक्षणाची प्रमाणपत्रं, लग्नाचा दाखला, मुलांचे शाळेचे आणि लसीकरणाचे कागद. अनेक गटांत ही कागदपत्रं 'सुरक्षित राहावीत' म्हणून कार्यालयात जमा केलेली असतात. पत्र दिल्यानंतर ती मागायला गेलात, तर प्रत्येक कागदासाठी एक बैठक होते आणि प्रत्येक बैठकीत मन वळवण्याचा प्रयत्न होतो.

ईमेल आणि बँक खात्यांचे पासवर्ड बदलाच, पण पासवर्ड विसरल्यास सांकेतिक क्रमांक कुणाच्या फोनवर जातो तेही बघा. तो नंबर गटातल्या माणसाचा असेल, तर नवा पासवर्ड कुचकामी आहे. फोनचं ठिकाण दिसण्याची सोय आठवडाभर आधी बंद केलीत तर लगेच लक्षात येतं. ती पत्र देण्याच्या दिवशीच बंद करा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते सह्यांकडे. तुम्ही गटाचे विश्वस्त, खजिनदार किंवा खात्यावर सही करणारे असाल, गटाच्या किंवा एखाद्या सदस्याच्या कर्जाला जामीन राहिला असाल, तर सभेला जाणं थांबवल्याने ती जबाबदारी संपत नाही. पदाचा राजीनामा वेगळा, तारखेसह द्यायचा आणि पोच घ्यायची. बँकेला सही रद्द झाल्याचं स्वतः लेखी कळवायचं, कारण संस्था ते आपणहून कळवेलच असं नाही. जामीनकी एकतर्फी सोडता येत नाही, त्यासाठी वकिलाला गाठा. खात्यातून दरमहा आपोआप जाणारी वर्गणी, मृत्युपत्र, विम्यावरचं वारसाचं नाव आणि कुणाला दिलेलं मुखत्यारपत्र हेही याच वेळी तपासा. घर किंवा नोकरी गटाची असेल, तर निदान तीन महिन्यांचा खर्च आणि राहायची जागा हाताशी असल्याशिवाय पत्र देऊ नका. घरात मारहाण असेल किंवा मुलांना पळवून नेण्याची भीती असेल, तर क्रम उलटा: आधी मुलं सुरक्षित जागी, मग बाकी सगळं.

पत्र तीन वाक्यांचं पुरे. अमुक तारखेपासून मी सदस्य नाही. सर्व याद्यांतून माझं नाव आणि संपर्क काढावा. यापुढे काही कळवायचं असल्यास लेखी कळवावं. कारणं लिहू नका. कारण दिलं की त्यावर उत्तर येतं, उत्तरावर चर्चा ठरते, आणि चर्चेत त्यांची तयारी तुमच्याहून कितीतरी जास्त असते. 'शेवटचं एकदा भेटून जा' हे निमंत्रण स्वीकारायची गरज नाही. जावंच लागलं तर बाहेरचा एक माणूस सोबत न्या आणि अर्ध्या तासात उठा.

प्रत्येकाने पत्र द्यावंच असंही नाही. काही गटांत औपचारिक राजीनामा देणाऱ्याला बहिष्कृतासारखंच वागवतात. आई-वडील, भावंडं त्याच दिवशी बोलणं बंद करतात. अशा ठिकाणी कुठलीही घोषणा न करता हळूहळू जाणं कमी करणारे बरेच जण घरच्यांशी नातं टिकवून धरतात. यात तोटा असा, की विचारणा महिनोन् महिने चालू राहते आणि अर्धसत्यं बोलावी लागतात. कोणतं ओझं पेलवेल, हे ज्याचं त्यानेच ठरवायचं.

गटाकडे तुमचे लेखी कबुलीजबाब असतील, तर ते परत मागण्यात फार शक्ती घालवू नका. प्रती निघालेल्या असू शकतात. त्यावरून धमकी आली, तर संदेश पुसू नका, तारखेसह जपा, वकिलाला दाखवा आणि पोलिसांत तक्रार द्या.

पहिले काही महिने

रॉबर्ट जे लिफ्टन या मनोविकारतज्ज्ञाने चीनमधल्या विचारशुद्धीच्या मोहिमांतून बाहेर आलेल्या माणसांच्या मुलाखती घेऊन १९६१ मध्ये माणसाच्या विचारांवर ताबा मिळवणाऱ्या वातावरणाची आठ लक्षणं मांडली. माहितीवर ताबा, शुद्धतेची न संपणारी मागणी, कबुलीची सक्ती, गटाची खास भाषा, माणसाच्या अनुभवापेक्षा सिद्धांत मोठा मानणं, ही त्यातली काही. सोडून आलेल्याच्या डोक्यात यातली भाषा सगळ्यात जास्त काळ राहते. साधा थकवा आला, तरी मनात गटाचा शब्द उमटतो: 'पतन', 'बंडखोरी', 'परीक्षा'. एखादं गाणं कानावर पडलं की जुनी भीती पूर्ण ताकदीने उसळते. याचा अर्थ निर्णय चुकला असा होत नाही, वर्षानुवर्षांची सवय आहे ती. अशा वेळी भीती साध्या शब्दांत, तारीख घालून वहीत लिहा: काय होईल असं वाटतंय आणि कधीपर्यंत. महिन्याने ते पान परत वाचा.

समुपदेशक शोधताना पहिल्याच भेटीत विचारा, अशा गटातून आलेल्या माणसांसोबत काम केलंय का. श्रद्धा खरी की खोटी हे तुम्हाला सांगू पाहणारा समुपदेशक टाळा. एका अधिकाऱ्याकडून सुटून दुसऱ्याच्या हाती जायचं नाहीये. आणि या काळात लग्न, मोठी देणगी, घराची विक्री आणि नव्या गटाचं सदस्यत्व हे चार निर्णय लांबवा.

गट फुटला कशावरून

फुटून निघालेला गट मोकळा असणारच, हा समज इतिहासात टिकत नाही. हर्बर्ट आर्मस्ट्राँग यांच्या वर्ल्डवाइड चर्च ऑफ गॉड या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाचं उदाहरण घ्या. १९८६ मध्ये आर्मस्ट्राँग वारले. त्यांच्यानंतरच्या नेतृत्वाने एकेक कडक नियम सैल केला. शनिवारचा विश्रामवार, खाण्यापिण्याची बंधनं, दशांशाची, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याची सक्ती हे सगळं १९९५ पर्यंत मागे पडलं. १९८९ मध्ये फिलाडेल्फिया चर्च ऑफ गॉड आणि १९९५ मध्ये युनायटेड चर्च ऑफ गॉड वेगळे झाले ते जुनी शिकवण राखण्यासाठी. म्हणजे मुख्यालय सैल होत गेलं आणि कडक राहू इच्छिणारे फुटले. पुढे फुटलेलेही फुटले: २०१०-११ मध्ये युनायटेडमधून आणखी एक गट बाहेर पडला. मूळ संस्थेने २००९ मध्ये नावच बदललं, ग्रेस कम्युनियन इंटरनॅशनल.

द वे इंटरनॅशनल या अमेरिकेतल्याच दुसऱ्या ख्रिस्ती गटाची फूट वेगळ्या कारणाने झाली. संस्थापक व्हिक्टर पॉल वियरविल १९८५ मध्ये गेले, वारशावरून वाद पेटला, आणि १९८९ मध्ये अध्यक्षांनी नेत्यांकडे निष्ठेची मागणी केली तेव्हा मोठी गळती लागली. घराघरांत भरणाऱ्या अनेक स्वतंत्र संगती, म्हणजे छोटे प्रार्थनागट, त्यातून उभ्या राहिल्या. इथे तपासायची गोष्ट निराळी आहे. पहिल्या शतकानंतर कुणालाच न समजलेलं बायबलचं वचन देव आपल्याला शिकवील, असा वियरविल यांचा दावा होता. फुटलेल्या संगतीने अध्यक्षाला नाकारलं, पण संस्थापकाचा हा दावा तसाच ठेवला, तर उद्या त्याच दाव्याच्या आधाराने नवा अध्यक्ष उभा राहू शकतो.

इंटरनॅशनल चर्चेस ऑफ क्राइस्टमध्ये एकाच संस्थेतून सैल होण्याची आणि कडक राहण्याची अशा दोन्ही वाटा निघाल्या. किप मॅकीन यांनी १९७९ मध्ये बॉस्टनमधून उभारलेल्या या चळवळीत प्रत्येक सदस्यावर एक 'शिष्य घडवणारा' नेमलेला असे. २००२ मध्ये मॅकीन पायउतार झाले, २००३ मध्ये आतल्याच एका नेत्याच्या दीर्घ पत्राने असंतोष उफाळला आणि केंद्रीय उतरंड कोसळली. काही स्थानिक मंडळ्यांनी सदस्यांची जाहीर माफी मागितली. मॅकीन यांनी मात्र काही वर्षांत इंटरनॅशनल ख्रिश्चन चर्चेस नावाने तशीच कडक रचना नव्याने उभी केली. दोन्हीकडची माणसं 'आम्ही जुन्यातले दोष काढले' असंच म्हणू शकतात. कुठले दोष, ते विचारल्याशिवाय त्या वाक्यातून काहीच कळत नाही.

म्हणून पहिल्या भेटीत नेत्याला विचारा: पूर्वीच्या गटात तुमचं पद काय होतं? तुम्ही कुणाला शिक्षा दिली, कुणाला काढलं? त्यांना नंतर भेटलात का? 'आम्हीही बळीच होतो' हे उत्तर अर्धं खरं असू शकतं, पण पदावर असलेल्या माणसाकडून तेवढंच उत्तर पुरेसं नाही. खऱ्या माफीत कृत्याचं नाव असतं: तुझं लग्न मोडायला लावलं, तुझे इतके पैसे घेतले, तुझ्याशी बोलू नका असं तुझ्या आईला सांगितलं. 'कुणी दुखावलं गेलं असेल तर' ने सुरू होणारी माफी मी मोजत नाही.

कागदावर काय आहे

घटना किंवा नियमावली मागा. प्रमुखाला कोण नेमतं, किती काळासाठी आणि हटवायची पद्धत काय, या तीन ओळी शोधा. हटवायची पद्धतच नसेल, तर बाकीचं वाचायची गरज फारशी उरत नाही. मंडळावर नवरा-बायको, मुलगा, जावई किती आहेत ते मोजा. हिशेब बाहेरचा लेखापरीक्षक तपासतो का आणि सदस्यांना तो दिसतो का? इमारत, प्रवचनांच्या ध्वनिफिती, पुस्तकांचे हक्क संस्थेच्या नावावर आहेत की एका माणसाच्या? पंधरा दिवसांत कागद हाती आले तर छान. 'विश्वास नाही का?' असा उलट प्रश्न आला, तर उत्तर मिळालंच आहे.

पैशाचा आकडा स्वतः मांडून बघा. आर्मस्ट्राँग यांच्या परंपरेत दशांश तीन होते: पहिला संस्थेला, दुसरा सणांच्या प्रवासासाठी स्वतःकडे साठवायचा, तिसरा सात वर्षांच्या चक्रात तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी गरजूंसाठी. म्हणजे त्या दोन वर्षांत उत्पन्नातले ३० टक्के बाजूला काढायचे, वर कर वेगळा. सणांना वेगळं दान असे. 'आम्ही फक्त दहा टक्के घेतो' असं नवा गट म्हणतो, तेव्हा दहा टक्के कशावर, याशिवाय कुठली दानं अपेक्षित आहेत आणि कोण किती देतं हे नेत्याला दिसतं का, हे विचारा. नेता देणगीदारांची यादी बघत असेल, तर त्याचं तुमच्याशी वागणं त्या यादीवर अवलंबून राहणार.

वागून बघायची परीक्षा

कागद चांगले असूनही गट वाईट असू शकतो. म्हणून सहा महिने फक्त पाहुणे म्हणून जा. सदस्यत्व, दीक्षा, पद, सेवेची पाळी काही घेऊ नका. पहिले दोन महिने दान देऊ नका आणि वागणूक बदलते का बघा. मध्येच दोन सभा कारण न सांगता चुकवा. एक फोन, 'बरी आहेस ना?', हे प्रेम. पाच फोन आणि 'का आली नाहीस?', ही हजेरी. एखादं छोटं काम सांगितलं की शांतपणे 'नाही, जमणार नाही' म्हणा आणि पुढे स्पष्टीकरण देऊ नका. हे 'नाही' आठवड्याने दुसऱ्याच कुणाच्या तोंडून तुमच्याकडे परत आलं, तर तुमच्याबद्दलची माहिती वर पोचवली जाते हे समजा.

माझ्या मते सगळ्यात भरवशाची परीक्षा म्हणजे या नव्या गटातून बाहेर पडलेली माणसं. नेत्यालाच विचारा, इथून कोण गेलं आणि का. गेलेल्या प्रत्येकाचं वर्णन 'कडवट', 'गर्विष्ठ', 'जगाच्या मागे लागलेला' असंच होत असेल, तर उद्या तुमचंही तेच होईल. मग त्यातल्या दोघा-तिघांना स्वतः भेटा. आजही गटातले लोक त्यांच्या घरी जातात का, एवढं एक विचारलं तरी बरंच कळतं.

जुन्या गटाबद्दल किती बोललं जातं, तेही ऐका. दर सभेत त्याचेच वाभाडे निघत असतील, तर तो राग हाच गटाला धरून ठेवणारा दोर आहे. उलट त्याचं नाव काढायलाच बंदी असेल, तर काहीतरी झाकलं जातंय.

इमारत नसलेल्या, फक्त फोनवरच्या गटांना लोक निरुपद्रवी समजतात. मला ते पटत नाही. रात्री अकराला सुरू होऊन दोनला संपणारी प्रार्थना, निरोप वाचला की नाही यावर नजर, आणि कुठलंही मंडळ नसलेला एकटा वक्ता, एवढ्याने झोप आणि निर्णयशक्ती दोन्ही जातात.

मुलं असतील, तर त्यांना नेण्याआधी एक प्रश्न लेखी विचारा: लहान मुलावर अत्याचार झाल्याची तक्रार आली तर तुम्ही काय करता? योग्य उत्तर एकच आहे: त्याच दिवशी पोलिसांना कळवतो, ज्याच्यावर आरोप आहे त्याला मुलांपासून दूर ठेवतो आणि स्वतः चौकशी करत बसत नाही. 'आधी वडीलधारे बसून शहानिशा करतात', 'साक्षीदार लागतात', 'आमच्यात असं होतच नाही', यातलं काहीही ऐकलंत तर मुलांना घेऊन पुन्हा तिथे जाऊ नका, बाकीची परीक्षा कितीही चांगली झालेली असली तरी.